हेडसेट ठीक, कॉल चालू, तरी "आवाज येत नाहीये": दर सोमवारची कटकट

सोमवार, सकाळचे सव्वानऊ. डबा ड्रॉवरमध्ये ठेवायच्या आत पहिली हाक येते. "दादा, आवाज येत नाहीये." मागोमाग खिडकीकडच्या रांगेतून दुसरी. दहा वाजेस्तोवर चार जण हात वर करून बसलेले असतात. शुक्रवारी संध्याकाळी हेच हेडसेट, हेच कॉम्प्युटर आणि हेच कॉलिंग सॉफ्टवेअर बिनतक्रार चाललेलं असतं.

आमचं ऑफिस पुण्यातलं, २२ खुर्च्यांचं. दवाखान्यांच्या वतीने पेशंटना अपॉइंटमेंटची आठवण करून द्यायची, तारीख बदलून हवी असेल तर बदलून द्यायची, एवढंच काम. पण ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत आणि सगळं कॉम्प्युटरवरून. टेबलावर फोन नावाची वस्तूच नाही. कॉम्प्युटरची देखभाल माझ्याकडे. पहिले काही महिने मी प्रत्येक हाकेला एकच औषध दिलं: पिन काढ, पिन घाल. चाललं तर ठीक, नाही तर रिस्टार्ट. तेवढ्याने बहुधा भागायचं आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. तीन हेडसेट तर 'खराब' म्हणून काढून टाकले. पुढे एकदा सहज घरच्या लॅपटॉपला लावून बघितले, तर तिन्ही ठणठणीत.

त्या दिवशी थोडी लाज वाटली आणि नीट माग काढायला घेतला. जे सापडलं ते असं.

आधी विचारा: कोणाचा आवाज, कोणाला?

"आवाज येत नाहीये" हे आपल्या भाषेतलं फार सोयीचं वाक्य आहे. मला पेशंटचा आवाज येत नाही, पेशंटला माझा जात नाही, रिंग वाजलेली कळत नाही, आवाज येतो पण तुटक येतो, या सगळ्याला आपण तेच म्हणतो. आणि ही चारही दुखणी वेगळी आहेत. त्यामुळे आता जागेवर गेलो की हात लावायच्या आधी तीन प्रश्न विचारतो. कोणाचा कोणाला येत नाही? प्रत्येक कॉलला होतं की एखाद्याच? कॉल जोडल्यापासून होतं की मध्येच सुरू झालं?

प्रत्येक कॉलला आणि पहिल्या सेकंदापासून होत असेल, तर बिघाड बहुतेक आपल्याच टेबलावर असतो. एखाद्याच कॉलला किंवा मध्येच होत असेल, तर हेडसेटला हात लावू नका. त्याकडे शेवटी येतो.

टिचकी

पेशंटला आवाज जात नाही किंवा "लांबून, विहिरीतून बोलल्यासारखा" जातो, अशी तक्रार असेल तर एक साधी परीक्षा आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग साउंड उघडा. 'इनपुट'खाली माइकच्या नावापुढे आवाजाबरोबर हलणारी पट्टी दिसते. आता हेडसेटच्या माइकवर नखाने हलकी टिचकी मारा. पट्टी उडी मारते का? मग लॅपटॉपच्या कीबोर्डच्या वर, स्क्रीनच्या कडेला तशीच टिचकी मारा.

दुसऱ्या टिचकीला पट्टी उडाली आणि पहिलीला नुसतीच थरथरली, तर चोर सापडला. विंडोज हेडसेटचा माइक वापरतच नाहीये, लॅपटॉपच्या अंगचा माइक वापरतंय. कानात आवाज हेडसेटमधून येतो, त्यामुळे बोलणाऱ्याला वाटतं सगळं हेडसेटवर चालू आहे. समोरच्याला मात्र दोन फुटांवरचा आवाज, वर पंख्याची घरघर आणि शेजारच्या टेबलावरचं अख्खं संभाषण ऐकू येतं.

हीच टिचकी कॉलिंग सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही मारून बघायची. कारण विंडोजमध्ये निवडलेला माइक एक आणि सॉफ्टवेअरने धरून ठेवलेला दुसराच, असं सर्रास असतं. आमचा सोमवार नेमका इथेच अडकला होता.

सोमवारचं कोडं

शनिवारी ऑफिसची झाडलोट होते. सफाईवाल्या मावशी कामाला चोख. टेबलावरची एकेक वस्तू उचलून खालची धूळ पुसणार. वायर आड आली तर काढून ठेवणार आणि पुसून झालं की परत लावणार. लावणार बरोबर, फक्त रिकामं दिसेल त्या भोकात. यूएसबीची पिन, यूएसबीचं भोक. त्यांचं काय चुकलं? मीही तसंच लावलं असतं.

पण विंडोजचा हिशोब निराळा आहे. यूएसबीची कोणतीही वस्तू जोडली की ती कंपनीचा क्रमांक आणि मॉडेलचा क्रमांक सांगते. काही वस्तू त्यापुढे स्वतःचा अनुक्रमांकही सांगतात. असा अनुक्रमांक असला, तर कुठल्याही पोर्टला लावा, विंडोज ओळखतं की ही तीच वस्तू. स्वस्तातल्या बऱ्याच हेडसेटमध्ये तो नसतो. मग विंडोज वस्तूला पोर्टवरून ओळखतं. पोर्ट बदललं की त्याच्या लेखी ही नवीन वस्तू. तिला नवीन नाव मिळतं, आधीच्याच नावाच्या सुरुवातीला '२-' किंवा '३-' लावून. तुमच्या साउंडच्या यादीत 'हेडसेट मायक्रोफोन (३- यूएसबी ऑडिओ डिव्हाइस)' असं काही दिसत असेल, तर तो आकडा म्हणजे पोर्ट बदलल्याचा पुरावा.

आता कॉलिंग सॉफ्टवेअरमध्ये शुक्रवारपर्यंत जुनं नाव निवडलेलं होतं. सोमवारी ते नाव जागेवर नाही. मग सॉफ्टवेअर काय करतं? काही सॉफ्टवेअर गुपचूप दुसरा कुठला तरी माइक उचलतात, काही गप्पच बसतात. चूक झाली असा निरोप क्वचितच येतो. माझं 'पिन काढ, पिन घाल' औषध का लागू पडायचं तेही मग कळलं. काढलेली पिन मी कधी कधी योगायोगाने शुक्रवारच्याच पोर्टमध्ये घालत होतो!

उपाय दोन मिनिटांचा निघाला. प्रत्येक कॉम्प्युटरचं एक पोर्ट हेडसेटचं म्हणून ठरवलं, शक्यतो मागच्या बाजूचं. पुढची पोर्टं पाय लागून, ओढून ढिली झालेली असतात. आणि त्या पोर्टाला खूण केली. मी मार्करने ठिपके काढले होते, ते दोन आठवड्यांत पुसले गेले. मग मावशींनीच आपल्या पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि २२ पोर्टांशेजारी २२ लाल टिकल्या लावल्या. तेव्हापासून टिकलीच्या भोकात हेडसेट, बाकी काही नाही.

त्यासोबत आणखी दोन कामं एकदाच करून टाकावीत. 'मोअर साउंड सेटिंग्ज' उघडा, हेडसेटवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, आणि वरच्या नावाच्या चौकटीत आपलं नाव घाला: 'खुर्ची ७ हेडसेट'. प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग दोन्हीकडे. पोर्ट बदललं तर हे नाव सोबत जात नाही, परत कंपनीचं नाव दिसायला लागतं. म्हणजे यादीत 'खुर्ची ७' दिसलं नाही की पिन चुकीच्या जागी आहे हे बसणाऱ्यालाच कळतं, मला हाक मारावी लागत नाही. दुसरं काम साफसफाईचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून 'शो हिडन डिव्हाइसेस' करा आणि 'ऑडिओ इनपुट्स अँड आउटपुट्स' उघडा. फिकट चिन्हांची जुनी हेडसेटं तिथे रांगेने पडलेली दिसतील. आमच्या एका कॉम्प्युटरवर अशी अकरा निघाली. ती अनइन्स्टॉल केली की निवडायची यादी सुटसुटीत होते.

दोन डिफॉल्ट

त्याच 'मोअर साउंड सेटिंग्ज'च्या खिडकीत एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. विंडोजमध्ये 'डिफॉल्ट डिव्हाइस' आणि 'डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस' असे दोन वेगळे मान आहेत. पहिला गाणी, व्हिडिओ, टिंगटिंग वगैरेसाठी, दुसरा कॉलसाठी. दोन्ही एकाच वस्तूकडे असतील असं नाही. गाणं हेडसेटमध्ये ऐकू येतं आणि कॉल मात्र लॅपटॉपच्या स्पीकरवर वाजतो, यात भुताटकी काही नाही. कम्युनिकेशनचा मान हेडसेटला दिलेला नाही, एवढंच.

मग सॉफ्टवेअरमध्ये 'डिफॉल्ट' ठेवायचं की हेडसेटचं नाव ठोकून निवडायचं? माझं मत असं: खुर्ची ठरलेली, हेडसेट ठरलेला, पोर्ट ठरलेलं असेल तर नावच निवडा. लॅपटॉप घेऊन घर-ऑफिस करणाऱ्यांनी 'डिफॉल्ट' ठेवावं आणि सकाळी पहिल्या कॉलआधी टिचकी मारावी. दोन्हीकडे पाय ठेवला की त्रास होतो.

रिंग मात्र वेगळी काढा. मायक्रोसिपसारख्या कॉलिंग सॉफ्टवेअरमध्ये रिंग, स्पीकर आणि मायक्रोफोन असे तीन निराळे रकाने असतात. रिंग कॉम्प्युटरच्या स्पीकरवर, बाकी दोन हेडसेटवर. नाही तर चहाला म्हणून हेडसेट काढून ठेवला की येणारे कॉल त्याच्या कानाच्या गादीतच वाजत राहतात आणि तक्रार होते की "कॉल येतच नाहीत".

याच खिडकीत 'कम्युनिकेशन्स' नावाचा टॅब आहे. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्के कमी करायचे, असं तिथे मुळातच ठरवलेलं असतं. काही वेळा कॉल संपला तरी आवाज दबलेलाच राहतो. 'डू नथिंग' निवडून टाका, विषय संपला.

जेवणानंतरचा पहिला कॉल

सोमवारचा प्रश्न मिटल्यावर दुपारी दोनचा प्रश्न उघडा पडला. जेवून आल्यावरचा पहिलाच कॉल मुका. दुसरा ठीक. हा विजेची बचत करणारा झोपाळू स्वभाव आहे. वापरात नसलेल्या यूएसबी वस्तूला विंडोज झोपवतं आणि काही हेडसेट झोपेतून उठायला वेळ लावतात, काही उठतच नाहीत.

कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली, वीज वाचवण्यासाठी हे बंद करायची मुभा देणारी खूण काढा. विंडोजचं मोठं अपडेट आलं की हे एकदा परत बघायचं. आमच्याकडे दोनदा ती खूण आपोआप परत आली आहे.

विजेवरूनच आठवलं. स्वतःचा अडॅप्टर नसलेला यूएसबी हब (एका पोर्टाची अनेक करणारी डबी) वापरत असाल तर हेडसेट त्यावर लावू नका. यूएसबी २.० चं सरळ पोर्ट ५०० मिलिॲम्पियरपर्यंत वीज देतं, तर असा हब एका भोकाला १०० च्या हिशोबाने वाटतो. शेजारी कोणी मोबाइल चार्जिंगला लावला की हेडसेट खरखरतो किंवा मध्येच गायब होतो.

गोल पिनवाले

सगळ्यांकडे यूएसबी नसतं. घरून काम करणाऱ्या आमच्या पाच जणी मोबाइलचाच ३.५ मिमीचा हेडफोन लॅपटॉपला लावतात. त्या पिनेवरचे काळे कडे मोजा. तीन कडे म्हणजे चार जोड, त्यात माइक आहे. दोनच कडे असतील तर ती फक्त ऐकायची पिन. तिच्यातून माइक कधीच चालणार नाही, सेटिंगमध्ये कितीही शोधा. आणि हिरवी-गुलाबी अशा दोन पिनांचा जुना हेडसेट एकाच भोकाच्या लॅपटॉपला लावायचा तर जोडणारी वायर मिळते. दुकानात मागताना 'दोन पिनांची एक करणारी, माइकसकट' असं बजावून मागा. नाही तर एका भोकातून दोघांनी गाणी ऐकायची वायर हातात पडते. दिसायला जवळजवळ सारखीच.

पिन घातल्यावर कोपऱ्यात एक चौकट येते: काय जोडलं? हेडफोन, हेडसेट की स्पीकर? आपण सवयीने फुली मारतो. तिथे 'हेडसेट' निवडलं नाही तर माइक जागाच होत नाही. निम्म्या तक्रारी ही एक फुली टाळल्यावर मिटल्या.

एक विचित्र लक्षण सांगून ठेवतो. आवाज पोकळ, लांबचा, बोलणं गायब आणि मागचा नाद तेवढा राहिलेला. आणि वायरवरचं बटण दाबून धरलं की एकदम व्यवस्थित. असं असेल तर हेडफोन जुन्या जोडणीचा आहे. चार जोडांच्या पिनेत माइक आणि अर्थिंग यांच्या जागा दोन पद्धतींनी असतात. हल्लीच्या पद्धतीत सगळ्यात वरचा, वायरीकडचा जोड माइकचा. जुन्या पद्धतीत तो अर्थिंगचा. हेडफोन बदलणं किंवा जागा अदलाबदल करणारा छोटा जोड घेणं, दोनच उपाय.

आणि सतत बारीक 'हंऽऽ' येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. नाद थांबला तर बहुधा घरातल्या त्या बोर्डाला अर्थिंग नाही किंवा धड नाही. वायरमनला बोलवा, कॉलसाठीच नव्हे. तोवर यूएसबी हेडसेट वापरला तर नाद बहुधा जातो, कारण त्यात माइकमधल्या आवाजाचे आकडे हेडसेटमध्येच तयार होतात आणि वायरीतून आकडेच जातात.

ब्लूटूथ: गाणी छान, कॉल डब्यातला

"दादा, साडेचार हजारांचा हेडफोन आहे, गाणी काय सुंदर वाजतात. कॉल लागला की डब्यात बोलल्यासारखं." ही तक्रार वर्षानुवर्षं आहे आणि हेडफोन बदलून सहसा जात नाही.

ब्लूटूथमध्ये गाण्यांचा रस्ता वेगळा आणि बोलण्याचा वेगळा. गाण्यांचा रस्ता एकेरी आहे: आवाज हेडफोनकडे जातो, परत काही येत नाही, त्यामुळे तो रुंद. माइक उघडला की दुहेरी वाहतूक लागते आणि हेडफोन बोलण्याच्या अरुंद रस्त्यावर येतो. जुन्या पद्धतीत तिथे आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने (म्हणजे मोजमापं) घेतले जातात, त्यापुढच्या पद्धतीत १६०००. सीडीला ४४१०० असतात, म्हणजे फरक कानाला का कळतो ते दिसतंच.

विंडोज १० मध्ये या दोन रस्त्यांची दोन नावं दिसतात, एक 'स्टिरिओ' आणि एक 'हँड्स-फ्री'. सॉफ्टवेअरमध्ये स्पीकर म्हणून स्टिरिओ आणि माइक म्हणून हँड्स-फ्री निवडलं की कॉल लागताच कान बंद! दोन्हीकडे हँड्स-फ्रीच निवडायचं. विंडोज ११ मध्ये एकच नाव दिसतं, तिथे ही चूक होत नाही. आवाज मात्र डब्यातला राहू शकतो.

तुमच्या पेशंटला यातलं किती कळतं? फारसं काही नाही. त्याच्यापर्यंतचा साधा फोन मुळातच ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यातला. जी.७११ नावाची जी पद्धत बहुतेक फोन-सॉफ्टवेअरला येते, तीही ८००० नमुन्यांचीच. 'स' आणि 'फ' यांचा फरक सांगणारा सुसकारा या पट्ट्याच्या वर जातो, म्हणून तर फोनवर ईमेल सांगताना 'एस, सांगलीचा एस' असं म्हणावं लागतं. त्यामुळे महागडा हेडफोन पेशंटसाठी घेऊ नका. घ्यायचाच तर स्वतःच्या कानासाठी घ्या.

ब्लूटूथची खरी अडचण वेगळीच आहे. तोच हेडफोन खिशातल्या मोबाइललाही जोडलेला असतो. कॉल चालू असताना मोबाइलवर नोटिफिकेशन वाजलं की हेडफोन तिकडे पळतो. कामाच्या वेळेत मोबाइलवरून तो तोडून ठेवा. नाही तर निर्मात्याचाच छोटा यूएसबी रिसीव्हर मिळतो तसला हेडसेट घ्या. तो रिसीव्हर कॉम्प्युटरला साधं यूएसबी साउंड कार्ड म्हणून दिसतो आणि ब्लूटूथचं सगळं स्वतः सांभाळतो.

ब्राउझरमधला डायलर

सॉफ्टवेअर वेगळं नसून क्रोमच्या टॅबमध्येच डायलर, म्हणजे कॉल लावायची खिडकी असेल, तर माइकचा दरवाजा आणखी एक. पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर क्लिक करून माइकला परवानगी आहे का बघा. क्रोमच्या सेटिंगमध्ये कुठला माइक निवडलाय ते वेगळं बघा, ते विंडोजपेक्षा निराळं असू शकतं. आणि सगळ्याच्या मुळाशी विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमधला 'मायक्रोफोन': तिथे डेस्कटॉप ॲप्सना परवानगी देणारं बटण बंद असेल, तर वर कितीही परवानग्या द्या, उपयोग नाही.

ऑफिसचा स्वतःचा डायलर सर्व्हर असेल तर एक खोच लक्षात ठेवा. पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू होत नसेल, नुसता आकड्यांचा साधा पत्ता असेल, तर क्रोम माइक देतच नाही. परवानगी विचारतही नाही. यावर माझी एक अख्खी दुपार गेली आहे, हेडसेट बदलून बदलून.

म्यूट किती ठिकाणी?

तीन. वायरवरचं बटण, सॉफ्टवेअरमधलं बटण, विंडोजमधला माइक. स्वस्त हेडसेटचं वायरवरचं बटण माइकच तोडतं आणि कॉम्प्युटरला पत्ता लागत नाही, त्यामुळे स्क्रीनवर माइक चालू दिसतो. आमचा नियम: वायरवरचं बटण वापरायचंच नाही. त्यावर चिकटपट्टी लावली आहे. म्यूट फक्त स्क्रीनवर.

हेडसेट निर्दोष असतो तेव्हा

आता तो राहिलेला भाग. साउंड रेकॉर्डरवर दहा सेकंद बोला आणि ऐका. स्वच्छ आलं तर माइक, वायर, पोर्ट, विंडोज सगळे सुटले. मग सॉफ्टवेअरवरून आवाज परत ऐकवणारा नंबर लावा. ॲस्टरिस्क नावाच्या फोन-सर्व्हरच्या सॉफ्टवेअरवर चाललेल्या फ्रीपीबीएक्समध्ये तो स्टार ४३ असतो. सेवा देणाऱ्यांकडे त्यांचा वेगळा नंबर असेल. रेकॉर्डर स्वच्छ आणि हा तुटका, म्हणजे गाठ नेटवर्कशी आहे.

त्यातली एक खूण फार नेमकी आहे. कॉल दर वेळी साधारण ३२ सेकंदांनी कटत असेल, घड्याळ लावून बघा. सिप नावाच्या ज्या पद्धतीने हे कॉल जोडले जातात, तिच्यात कॉल उचलल्याची पोच परत मिळाली नाही तर ३२ सेकंद वाट बघून कॉल सोडून देतात. म्हणजे राउटर ती पोच वाटेत हरवतोय. कॉल जोडल्यापासून एका बाजूचाच आवाज जात असेल तरी संशय तिथेच घ्या. बऱ्याच राउटरमध्ये 'सिप एएलजी' नावाची सोय चालू असते. मदत म्हणून ती कॉलच्या निरोपांतले पत्ते बदलत बसते आणि घोळ घालते. ती बंद करा.

आवाज तुटक, यंत्रमानवासारखा येत असेल तर इंटरनेटचा वेग वाढवून फायदा नाही. एका कॉलला एका दिशेने जेमतेम ९० किलोबिट लागतात. फक्त आवाजाचे तुकडे नेणारी पाकिटं सेकंदाला ५० च्या हिशोबाने वेळेवर पोचायला हवीत. वाय-फायवर, दोन भिंती पलीकडे, घरात कोणी मालिका बघत असताना ती अडखळतात. लॅनची वायर टाका. घरून काम करणाऱ्या पाचांपैकी तिघींचा प्रश्न दहा मीटर वायरीने सुटला.

आणि प्रतिध्वनी. ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो, त्याच्याकडे दोष नसतो. दोष पलीकडच्याकडे असतो. पेशंट म्हणाला "माझाच आवाज परत येतोय", तर आपल्या कानातला आवाज जास्त आहे आणि तो आपल्याच माइकमध्ये शिरतोय. आवाज कमी करा, आणि माइकच्या लेव्हल्समध्ये 'बूस्ट' ३० डेसिबलवर असेल तर शून्यावर किंवा फार तर १० वर आणा.

तेल, घाम, चाक

तरीही हेडसेट खरंच मरतात, आणि आमच्याकडे ते तीन कारणांनी मरतात. माइकवरच्या स्पंजात घाम आणि धूळ बसते, कानाच्या गादीवर खोबरेल तेलाचा थर चढतो आणि ती सोलायला लागते. स्पंज काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवून बसवा. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागतात, जादा स्पंज ठेवा. माइक ओठांसमोर नको, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला. नाही तर प्रत्येक 'प' आणि 'भ' फुटतो आणि श्वासाची वादळं ऐकू जातात. तिसरं कारण खुर्चीचं चाक. वायर जमिनीवर लोळते, चाक तिच्यावरून जातं, आत तार तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. रेकॉर्डर चालू करून बोलत बोलत वायर पिनेजवळ, मग बटणाजवळ हलवून बघा. आवाज जिथे जातो-येतो तिथे तुटलेली आहे.

एवढं करूनही उमजलं नाही तर शेजारच्या खुर्चीशी हेडसेट अदलाबदल करा, दोन्ही टिकलीच्याच भोकात लावून, आणि दिवसभर तसंच चालू द्या. तक्रार हेडसेटबरोबर शेजारी गेली तर हेडसेट बदला. जुन्याच खुर्चीवर राहिली तर परत टिचकीपासून सुरुवात करा, आणि नवीन हेडसेटची ऑर्डर तोवर थांबवा.